पैलवानाने आखाडा कधी सोडावा?

आखाडा म्हटलं की आम्हा नाशिककरांना आधी कुंभमेळ्यातले साधूंचे आखाडे आठवतात. आजचा विषय मात्र लाल मातीच्या आखाड्याचा आहे.

जत्रेतल्या कुस्त्या संपल्या, की पारावर एक चर्चा हमखास रंगते: "त्याने दोन वर्षं आधीच थांबायला हवं होतं. नाव राहिलं असतं." दुसरा म्हणतो, "अजून दम होता, उगाच सोडली." क्रिकेटपटूंबद्दल आणि बॉक्सरबद्दल लोक हेच बोलतात. खेळाडूने कधी थांबावं हे ठरवताना आपण त्याची शेवटची लढत बघतो. शेवटची जिंकली तर वेळेवर थांबला, हरला तर उशीर केला.

डॉक्टर म्हणून मला हा हिशोब अपुरा वाटतो. वजनी पैलवान वयाच्या तिशी-पस्तिशीत लढणं थांबवतो आणि त्यानंतर, देवाच्या कृपेने, चाळीस-पन्नास वर्षं जगतो. त्या वर्षांचा विचार पारावर कोणी करत नाही. ओपीडीत मात्र तोच माणूस समोर बसलेला असतो. मान जाड, कान मोडलेले, गुडघे धरलेले, शुगर वाढलेली. म्हणून आज आपल्या मातीतल्या मोठ्या पैलवानांचा थोडा इतिहास बघू आणि त्यातून दोन प्रश्नांची उत्तरं शोधू. कुस्ती कधी सोडावी? आणि सोडल्यावर शरीराचं काय करावं?

दरबाराचा खुराक आणि मैदानाचं इनाम

महाराष्ट्रातल्या कुस्तीचा विषय कोल्हापूरशिवाय पुढे जात नाही. राजर्षी शाहू महाराज स्वतः कुस्ती करायचे. त्यांनी गावोगावचे, अगदी उत्तरेतलेही मल्ल कोल्हापुरात आणून पोसले. १९१२ साली खासबाग मैदान उभं राहिलं. रोमच्या वर्तुळाकार मैदानाची कल्पना मनात ठेवून ते बांधलं, म्हणून लांब बसलेल्या माणसालाही मधला हौदा स्पष्ट दिसतो.

राजाश्रयाचा एक फायदा आज आपल्या लक्षात येत नाही. पैलवानाचा खुराक दरबारातून यायचा आणि लढणं थांबल्यावरही दरबाराशी नातं तुटायचं नाही. वय झालेला मल्ल वस्ताद व्हायचा. पहाटे उठून पोरांच्या मेहनतीवर लक्ष ठेवायचा, स्वतःही चार जोर-बैठका मारायचा. त्याला 'निवृत्त' असं कोणी म्हणत नसे.

१९४९ साली कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. कुस्ती आता लोकांच्या आणि साखर कारखान्यांसारख्या संस्थांच्या आधारावर उभी राहिली. मैदान मारलं तर इनाम, नाही तर रिकाम्या हाताने घरी. इथून थांबण्याचा प्रश्न अवघड झाला. ज्याचं घर इनामावर चालतं त्याला "आता पुरे" म्हणणं परवडत नाही. गुडघा सुजलेला असला तरी तो जत्रेच्या हंगामात उतरतो. पैलवान उशिरा थांबतो त्याला हट्ट हे एक कारण असेल, पण पुढे काय खायचं हे त्याहून मोठं कारण असतं.

१९५८ पासून हिंद केसरी आणि १९६१ पासून महाराष्ट्र केसरी हे किताब सुरू झाले. मग मोजमाप आणखी सोपं झालं. गदा मिळाली की मोठा, नाही मिळाली की विसरला. एकदा मिळालेला किताब जन्मभर नावापुढे लागतो. पण तो ज्या वयात मिळतो ते वय बघा.

गदा पंचविशीत, आयुष्य पुढे

श्रीपती खंचनाळे १९५९ साली दिल्लीत पंजाबच्या बंतासिंगला हरवून हिंद केसरी झाले. तेव्हा ते पंचविशीत होते. डिसेंबर २०२० मध्ये वयाच्या ८६व्या वर्षी त्यांचं निधन झालं. म्हणजे किताबानंतर ते साठ वर्षांहून अधिक जगले.

गणपतराव आंदळकर हे सांगली जिल्ह्यातल्या पुनवतचे. १९६० चे हिंद केसरी. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ९७ किलोवरच्या गटात, म्हणजे सगळ्यात वजनदार गटात, त्यांनी ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य मिळवलं. १९६४ मध्ये टोकियो ऑलिंपिकला गेले. तेव्हा वय २९. त्यानंतर कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत त्यांनी वस्ताद म्हणून पोरं घडवली. २०१८ साली वयाच्या ८३व्या वर्षी ते गेले.

मारुती माने हे कवठेपिरानचे. त्याच जकार्तात ९७ किलो गटात फ्रीस्टाइलचं सुवर्ण आणि ग्रीको-रोमनचं रौप्य मिळालं तेव्हा ते २३ वर्षांचे होते. १९६४ चे हिंद केसरी. २०१० साली ७१व्या वर्षी निधन.

दादू चौगुले हे मोतीबागेत आंदळकरांच्या नजरेखाली तयार झालेले मल्ल. १९७० आणि १९७१ असे लागोपाठ दोनदा महाराष्ट्र केसरी, १९७३ चे हिंद केसरी आणि १९७४ च्या ख्राइस्टचर्च राष्ट्रकुल स्पर्धेत १०० किलोवरच्या गटात रौप्य. २०१९ मध्ये वयाच्या ७३व्या वर्षी निधन. त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला तो २०१८ साली, पदकानंतर ४४ वर्षांनी.

चौघांच्या आयुष्यात एक गोष्ट समान आहे. शिखर २३ ते २८ या वयात आलं आणि त्यानंतर साडेचार ते सहा दशकांचं आयुष्य होतं. आपण कारकीर्द मोजतो ती त्यातल्या आठ-दहा वर्षांवर. शरीराला मात्र सगळ्या वर्षांचा हिशोब द्यावा लागतो.

आणखी एक नाव घ्यायलाच हवं, जरी ते वजनी गटातलं नसलं तरी. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९४८ साली लंडनला सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी ५७ किलो गटात कांस्य जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ चं मेलबर्न हुकलं. वय होतं तीस. त्यांनी स्वतः ठरवलं नव्हतं, गुडघ्याने ठरवलं. १९८४ मध्ये रस्ता अपघातात ते गेले आणि अर्जुन पुरस्कार त्यानंतर, २००० च्या आसपास, मरणोत्तर मिळाला. आता महाराष्ट्रात १५ जानेवारी, त्यांचा जन्मदिवस, राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. कारकिर्दीचा न्याय किती उशिरा होऊ शकतो, याचं याहून स्पष्ट उदाहरण आपल्याकडे नाही.

बॉक्सिंगने शिकवलेला धडा

'कधी थांबावं' हा प्रश्न वैद्यकशास्त्राने गंभीरपणे घेतला तो बॉक्सिंगमुळे. १९२८ साली हॅरिसन मार्टलंड या अमेरिकन डॉक्टरांनी एक लेख लिहिला. वर्षानुवर्षं डोक्यावर ठोसे खाल्लेले बॉक्सर अडखळत चालतात, बोलणं जड होतं, स्मरणशक्ती जाते, हे त्यांनी मांडलं. त्याआधी लोक अशा बॉक्सरला दारुडा समजून हसायचे.

हेवीवेट बॉक्सरच्या कारकिर्दी कशा मोजल्या जातात बघा. रॉकी मार्सियानो १९५६ मध्ये वयाच्या ३२व्या वर्षी थांबला. ४९ लढती, ४९ विजय. हरण्याआधी थांबला, म्हणून आजही त्याचं नाव घेतात. जॉर्ज फोरमनने १९९४ मध्ये वयाच्या ४५व्या वर्षी पुन्हा जगज्जेतेपद मिळवलं. म्हणून लोक म्हणतात, वय म्हणजे नुसता आकडा.

आणि मुहम्मद अली. १९७७ मध्ये अर्नी शेव्हर्सशी झालेल्या लढतीनंतर त्याचे डॉक्टर फर्डी पाचेको यांनी "आता थांब" असं सांगितलं. ऐकलं गेलं नाही, तेव्हा ते त्याच्या पथकातून बाहेर पडले. अली त्यानंतर चार वर्षं लढला. १९८० मध्ये लॅरी होम्सने त्याला बेदम मारलं. डिसेंबर १९८१ मध्ये ट्रेव्हर बर्बिककडून हरून तो थांबला तेव्हा चाळिशीला महिना उरला होता. १९८४ मध्ये पार्किन्सन्सचं निदान झालं. एका माणसाचा आजार ठोशांमुळेच झाला असं खात्रीने सांगता येत नाही. पण डोक्यावरचे मार जितके जास्त तितका मेंदूला धोका जास्त, हे आता नक्की माहीत आहे.

फोरमनचं उदाहरण देणाऱ्यांना मी एवढंच सांगतो, की अपवाद लक्षात राहतात म्हणूनच ते अपवाद असतात. आपल्याकडचा गामा पैलवानही १९२८ मध्ये पतियाळाला पन्नाशीच्या आसपास असताना झिबिस्कोला मिनिटभरात चितपट करून गेला. त्याच गामाची लाहोरमधली शेवटची वर्षं आजारपणात आणि ओढगस्तीत गेली. पहिली गोष्ट प्रत्येक तालमीत सांगतात, दुसरी कोणी सांगत नाही.

कुस्तीत ठोसे नसतात, म्हणून डोक्याला धोका बॉक्सिंगपेक्षा बराच कमी. कुस्तीची किंमत शरीर दुसरीकडे मोजतं. मान, गुडघे, कंबर आणि सगळ्यात जास्त म्हणजे खुराक.

खुराकाचं गणित

पैलवान आणि खुराक यांना वेगळं करता येत नाही. दूध, तूप, बदामाची थंडाई, अंडी, मटण. तालमीतल्या पोराला हे का लागायचं? पहाटे शेकडो जोर, त्याहून जास्त बैठका, हौदा खणणं, मग तास-दोन तास लढती, आणि संध्याकाळी पुन्हा मेहनत. एवढं काम करणाऱ्या शरीराला तो खुराक पचतो आणि गरजेचाही असतो. जुन्या वस्तादांनी तो अनुभवातून ठरवला होता, त्यात मला काही चूक दिसत नाही.

आता आकडे बघू. एक लिटर म्हशीचं दूध साधारण १००० कॅलरी. शंभर ग्रॅम बदाम साधारण ६००. पन्नास ग्रॅम तूप साधारण ४५०. बेरीज २०५० च्या आसपास. बैठं काम करणाऱ्या पुरुषाची पूर्ण दिवसाची गरज साधारण २१०० कॅलरी असते. म्हणजे जेवणाआधीच दिवसाचा कोटा संपला. वर भाकरी, भात, मटण आलंच.

लढणारा पैलवान हे सगळं जाळतो. कुस्ती सोडलेला पैलवान जाळत नाही, पण भूक तीच राहते. घरच्यांनाही सवय झालेली असते. "पैलवान माणूस, एवढं तर खाणारच!" पाहुणे म्हणून गेलं तरी ताटात दुप्पट वाढतात. मेहनत एका दिवसात थांबते, खुराक थांबायला दहा वर्षं लागतात. त्या दहा वर्षांत पोट सुटतं, शुगर येते, बीपी येतं.

जपानमधल्या सुमो पैलवानांच्या अभ्यासातून एक महत्त्वाची गोष्ट समजली आहे. प्रचंड वजन असूनही, सराव चालू असेपर्यंत त्यांची बरीचशी चरबी कातडीखाली असते. पोटाच्या आत, आतड्यांभोवती, तुलनेने कमी असते. कातडीखालच्या चरबीपेक्षा ही आतली चरबी जास्त घातक, कारण ती इन्सुलिनचं काम बिघडवते. सराव थांबला की नेमकी तीच वाढते. वजनाचा काटा तेवढाच राहिला तरी आतला माणूस बदललेला असतो.

काही समज, काही गैरसमज

'व्यायाम सोडला की स्नायूंची चरबी होते.' होत नाही. स्नायू आणि चरबी या दोन वेगळ्या पेशी आहेत, एकीची दुसरी बनत नाही. वापर नसल्याने स्नायू कमी होतात आणि जास्त खाल्ल्याने चरबी वाढते. दोन्ही एकाच वेळी होतं, म्हणून तसं वाटतं. या गैरसमजाचा तोटा असा, की आईवडील "पुढे फुगशील" म्हणून पोराला तालमीतच पाठवत नाहीत.

'पैलवानाचं हृदय मोठं असतं, काळजी नको.' वर्षानुवर्षं जड मेहनत केल्यावर हृदयाच्या भिंती थोड्या जाड होतात, हे खरं आहे आणि लढत्या वयात ते बहुतेक वेळा निरोगी असतं. मेहनत थांबल्यावर काही महिन्यांत ही जाडी कमी व्हायला हवी. नाही झाली तर ती बीपीमुळे आहे की जन्मजात आजारामुळे, हे टू-डी इको करून बघावं लागतं. घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर ही तपासणी टाळू नका.

'दम राहतो, वय झालं तरी काय?' ताकद बराच काळ टिकते. दम मात्र सराव बंद केल्यापासून दोन ते चार आठवड्यांतच उतरायला लागतो. गेल्या वर्षीच्या ताकदीवर विसंबून जत्रेत अचानक लांग कसून उतरणं म्हणूनच धोक्याचं. चाळिशीतल्या माणसाने वर्षातून एकदा, हौसेखातर, पूर्ण जोर लावणं हे हृदयाला सगळ्यात जास्त ताण देणारं काम आहे.

पैलवानाला तपासताना

या भागाचा तुम्हाला थेट उपयोग होईल. पैलवानी शरीर तपासताना नेहमीचे आकडे फसवू शकतात.

बीएमआय: उंची-वजनाचा हा हिशोब स्नायू आणि चरबी यांत फरक करत नाही. लढता पैलवान त्यात उगाच लठ्ठ ठरतो. सोडलेला पैलवान "माझं वजन पहिल्यापासून एवढंच" म्हणून निश्चिंत राहतो. त्यापेक्षा कमरेचा घेर मोजा, बेंबीच्या पातळीवर. भारतीय पुरुषाला ९० सेंटीमीटरच्या वर गेला तर सावध व्हा.

बीपी: जाड दंडावर साध्या मापाचा पट्टा बांधला तर बीपी खोटं वाढलेलं दिसतं. मोठा पट्टा मागा. डॉक्टरांना सांगायला लाजू नका.

क्रिएटिनिन: स्नायू जास्त आणि मटण जास्त, तर हा आकडा मूत्रपिंड ठीक असूनही थोडा वर दिसू शकतो. घाबरून जाऊ नका, पण "पैलवानाचं असंच असतं" म्हणून दुर्लक्षही करू नका. लघवीतलं प्रोटीन तपासलं की चित्र स्पष्ट होतं.

घोरणं: मानेचा घेर ४३ सेंटीमीटरपेक्षा जास्त असलेल्या पुरुषाला झोपेत श्वास अडकण्याचा धोका जास्त असतो. मोठ्याने घोरतो, मध्येच श्वास थांबतो, दिवसा पेंगतो, असं बायको सांगत असेल तर ते गंमत म्हणून सोडू नका. या आजाराने बीपी वाढतं, हृदयाचे ठोके बिघडतात. त्यावर उपचार आहेत.

इंजेक्शनं: हल्ली वजनी गटात जाण्यासाठी काही मुलं जिममधून मिळणारी स्टेरॉइड घेतात. हृदय, यकृत आणि वंध्यत्व या तिन्ही बाबतीत त्याची किंमत नंतर मोजावी लागते. घेतली असतील तर डॉक्टरांना खरं सांगा. आम्ही पोलिसात सांगत नाही.

मग थांबावं कधी?

वयाचा एकच आकडा सांगता येत नाही. शरीराच्या खुणा मात्र सांगता येतात.

लगेच थांबून तपासणी करायची ती या लक्षणांना: मानेला झटका बसल्यावर दोन्ही हातांना किंवा पायांना मुंग्या येणं, बधिर होणं, लढताना किंवा मेहनतीनंतर चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं, डोक्याला मार लागल्यावर थोडा वेळ काही न आठवणं. यातलं एकही लक्षण असेल तर डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत हौद्यात पाय ठेवू नये. पुढचं मैदान कितीही मोठं असो.

दुसऱ्या खुणा हळू येतात. एक कुस्ती केल्यावर अंग सावरायला पूर्वी दोन दिवस लागायचे, आता दोन आठवडे लागतात. तोच गुडघा वर्षात तिसऱ्यांदा सुजला. गुडघा मध्येच अडकतो किंवा निसटल्यासारखा वाटतो. वेदनाशामक गोळी घेतल्याशिवाय लढता येत नाही. शेवटची खूण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. रोज गोळी घेऊन लढणारा पैलवान सांध्यासोबत पोट आणि मूत्रपिंडही पणाला लावतो. गोळी दुखणं लपवते, दुखापत तशीच राहते. त्या टप्प्यावर पुढची प्रत्येक लढत म्हातारपणातून उसनी घेतलेली असते.

थांबायचं कसं?

सुमोमध्ये मोठा पैलवान निवृत्त होतो तेव्हा समारंभपूर्वक त्याची शेंडी कापतात. त्याला, घरच्यांना, लोकांना सगळ्यांना कळतं की आता दुसरं आयुष्य सुरू झालं. आपल्याकडे तालमीत घालताना नारळ फुटतो, सोडताना काहीच होत नाही. एक दिवस माणूस यायचा बंद होतो. त्यामुळे खुराक कधी बदलायचा हेही कोणी सांगत नाही.

काही औषधं आम्ही एकदम बंद करत नाही, हळूहळू कमी करतो. कुस्तीही तशीच सोडावी, फक्त क्रम लक्षात ठेवा. खुराक आधी उतरवायचा, मेहनत नंतर. पहिल्या महिन्यातच तूप आणि थंडाई निम्म्यावर आणा. दूध म्हशीऐवजी गाईचं किंवा साय काढलेलं घ्या. तीन महिन्यांत मटण आठवड्यातून एक-दोनदा. डाळी, कडधान्यं, अंडी चालू ठेवा, कारण स्नायू टिकवायला प्रोटीन लागतंच.

मेहनत पूर्ण बंद करू नका. लढती थांबवा, जोर ठेवा. गुडघे साथ देत असतील तर बैठका थोड्या ठेवा, नसतील तर सायकल किंवा पोहणं. रोज पाऊण तास चालणं सगळ्यांना जमतं. शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल सोडल्याच्या वर्षी एकदा आणि मग दरवर्षी तपासा.

मनाची तयारी हा भाग राहूनच जातो. काल ज्याला गाव खांद्यावर घेत होतं, तो आज रेशनच्या रांगेत उभा असतो. झोप उडणं, चिडचिड, दारू हे बऱ्याचदा यातून येतं. आंदळकरांच्या पिढीला वस्तादकीचा आधार होता. रोज पहाटे तालमीत जायचं, पोरांना डाव शिकवायचे, लोक मान द्यायचे. शरीर हलतं राहायचं आणि दिवसाला अर्थ राहायचा. माझ्या मते ती आपल्या कुस्तीतली सगळ्यात चांगली निवृत्ती-योजना होती. आता पोलीस आणि इतर खात्यांत खेळाडूंना नोकऱ्या मिळतात, माजी मल्लांना शासन मानधन देतं. तेही हवंच. पण तालमीशी नातं टिकवण्याचं काम पैशाने होत नाही.

कारकीर्द कशी मोजावी?

२०२० साली हर्षवर्धन सदगीरने नाशिक जिल्ह्याकडून खेळून महाराष्ट्र केसरीची गदा आणली, तेव्हा इथल्या तालमींत पोरांची गर्दी वाढावी, असं आम्हा सगळ्यांनाच वाटलं. त्या पोरांच्या आईवडिलांना माझं सांगणं आहे, की पोराला जरूर पाठवा. कुस्तीसारखा व्यायाम नाही. फक्त पहिल्याच दिवशी वस्तादांना दोन प्रश्न विचारा. दुखापत झाली तर पोराला किती दिवस बाहेर बसवता? आणि तुमचे जुने पठ्ठे आज काय करतात? ज्या तालमीतले पन्नाशीचे माजी पैलवान ताठ चालतात, पोट आत ठेवून असतात आणि अजून पहाटे येतात, ती तालीम चांगली. भिंतीवर गदेचे फोटो किती आहेत ते नंतर बघा.

आणि तुमच्या घरात, भावकीत कोणी माजी पैलवान, कबड्डीपटू किंवा वेटलिफ्टर असेल, तर या आठवड्यात एवढं करा. त्यांच्या कमरेचा घेर मोजा, मोठ्या पट्ट्याने बीपी बघायला सांगा आणि उपाशीपोटी शुगर करून घ्या. ते "मला काय धाड भरलीय?" म्हणतील. म्हणू द्या. सोबत जा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषध, आहार किंवा व्यायामात बदल करण्याआधी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.)